नाच : बघण्याचा आणि नाचण्याचा

आपल्या समाजात 'नृत्य' या शब्दाला मान आहे, 'नाच' या शब्दाला नाही. नृत्य म्हटले की डोळ्यांपुढे समई, नटराजाची मूर्ती आणि पहिल्या रांगेत बसलेले प्रमुख पाहुणे येतात. नाच म्हटले की कपाळाला आठी पडते. एखादा मुलगा जरा हातवारे करून बोलला की त्याला 'नाच्या' म्हणून हिणवले जाते. मुलगी जरा मोकळेपणी वावरली की 'नाचरी' ठरते. नाच ही आपली गोष्ट नव्हे, ती कोणीतरी करावी आणि आपण बघावी, अशी आपली पक्की समजूत आहे. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन या समजुतीचे उत्तम उदाहरण आहे. शेवटच्या रात्री दहा-बारा मुले-मुली गाजलेल्या सिनेगीतांवर 'रेकॉर्ड डान्स' करतात आणि उरलेले आम्ही हजारभर विद्यार्थी शिट्ट्या मारतो. दुसऱ्या दिवशी बक्षिसे वाटली जातात आणि वर्षभरासाठी नाच हा विषय संपतो.

हे असेच असावे काय, असा प्रश्न या लेखात उपस्थित करायचा आहे. नाच ही केवळ बघण्याची वस्तू नसून माणसाला सावरणारी आणि माणसांना एकत्र आणणारी गोष्ट आहे, असे माझे मत आहे. ज्या जिल्ह्यातील माणसांची शरीरे सर्वांत जास्त राबतात, त्या आपल्या बीड जिल्ह्यात या गोष्टीची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, असेही मला वाटते. हे मत अनेकांना चैनीचे वाटेल. म्हणून ते सविस्तर मांडतो.

वाकडे अंगण

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण आळशी माणसाला ऐकवतो. परंतु गेल्या शतकात अमेरिकेत काही नर्तक असे निघाले की त्यांनी ही म्हणच उलटी केली. अंगण वाकडे असेल तर वाकड्या अंगणात नाचू, आणि नाचता येत नसेल तर चालू, असे त्यांनी ठरवले.

न्यूयॉर्क शहरात जडसन मेमोरियल चर्च नावाचे एक प्रार्थनामंदिर आहे. 6 जुलै 1962 रोजी तेथे काही तरुण नर्तकांनी एक कार्यक्रम केला. रंगमंच नव्हता, भरजरी पोशाख नव्हते, राजकन्येची गोष्ट नव्हती. चालणे, धावणे, बसणे, वस्तू उचलणे, जमिनीवर लोळणे अशा रोजच्या हालचालींनाच या मंडळींनी नृत्य मानले. यव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन, ट्रिशा ब्राउन, डेबोरा हे ही त्यांतील काही नावे. पुढे पॅक्स्टन यांनी 1967 साली एक रचना केली. तिच्यात नृत्य न शिकलेली माणसे नुसती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत जातात, मध्ये थांबतात, खुर्चीवर बसतात. दुसरे काहीही घडत नाही. जाड, बारीक, लंगडणारी, ताठ, संकोची अशी माणसे चालताना प्रेक्षकाला प्रथमच नीट दिसतात. 1970 साली ट्रिशा ब्राउन यांच्या एका रचनेत एक माणूस दोराच्या आधाराने इमारतीच्या उभ्या भिंतीवरून चालत खाली आला. अंगणाचा वाकडेपणा यापेक्षा अधिक काय असणार?

या प्रवाहाला 'उत्तर-आधुनिक नृत्य' असे नाव मिळाले. नाव बोजड आहे, पण त्यातील मुद्दा साधा आहे. नाचण्यासाठी विशिष्ट बांधा, विशिष्ट वय आणि विशिष्ट घराणे लागते ही अट या मंडळींनी काढून टाकली. प्रेक्षकाचे डोळे दिपवण्याला, निव्वळ कसरतीला आणि नट-नटीच्या दिमाखाला रेनर यांनी 1965 साली जाहीर नकार दिला. अर्थात या नकारातही पुढे दुराग्रह आला, कित्येक प्रयोग नीरस झाले, आणि शहरी सुशिक्षितांच्या छोट्या वर्तुळाबाहेर ते फारसे गेले नाहीत, हेही खरे आहे. तथापि त्यांनी उघडलेले दार महत्त्वाचे होते. जर कोणतेही शरीर नाचू शकते, तर आजारी शरीरही नाचू शकते, म्हातारे शरीरही नाचू शकते, आणि कामाने मोडलेले शरीरही नाचू शकते.

1972 साल

या दारातून सर्वांत पुढे गेलेली व्यक्ती म्हणजे ॲना हालप्रिन. 1920 साली जन्मलेल्या या बाई 2021 साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारल्या. जडसनच्या कित्येक नर्तकांनी त्यांच्याकडे धडे घेतले होते. कॅलिफोर्नियातील आपल्या घरामागे झाडांच्या मध्ये बांधलेल्या उघड्या लाकडी ओट्यावर त्या शिकवीत. 1965 साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मोठा उद्रेक झाला. त्यानंतर हालप्रिन यांनी वॉट्समधील कृष्णवर्णीय तरुण आणि सॅन फ्रान्सिस्कोतील गोरे तरुण यांना बरोबर घेऊन काही महिने काम केले आणि 1969 साली त्यांचा एकत्र प्रयोग केला. एकमेकांच्या शेजारी उभे राहण्याचीही सवय नसलेली ही मुले होती. त्यांच्यातील भीती आणि राग झाकून न ठेवता तोच त्यांच्या नाचाचा विषय केला गेला.

1972 साली हालप्रिन यांना कर्करोग झाला. आपल्याला 1972 हे साल दुष्काळामुळे आठवते. खडी फोडणारे हात आणि सुकडी आजही आपल्या घरांतील वृद्धांच्या बोलण्यात येते. त्याच साली जगाच्या दुसऱ्या टोकाला एक नर्तकी आपल्याच शरीराशी झगडत होती. त्यांची शस्त्रक्रिया झाली, पण काही वर्षांनी रोग उलटला. त्या वेळी त्यांनी स्वतःचे माणसाएवढे चित्र काढले. ते चित्र तरुण आणि निरोगी बाईचे होते. त्या चित्राबरोबर त्यांना नाचता येईना, कारण ते खोटे होते. मग कागद उलटा करून त्यांनी दुसऱ्या बाजूला आपला राग आणि भीती काढली, आणि 1975 साली आपल्या माणसांसमोर ते चित्र नाचून दाखवले. पुढे त्या बऱ्या झाल्या आणि कर्करोगाच्या तसेच एड्सच्या रुग्णांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. नाचाने कर्करोग बरा होतो असे कोणी म्हणत असेल तर ते थोतांड आहे. हालप्रिन यांनीही डॉक्टरांची शस्त्रक्रिया नाकारली नव्हती. रोग बरा होणे आणि माणूस सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या मानीत. आपल्या भाषेलाही हा फरक माहीत आहे. औषधाने ताप उतरतो, पण आजारातून उठलेला माणूस 'अजून माणसात आला नाही' असे आपण म्हणतो. माणसात येण्यासाठी जे लागते ते औषधाच्या दुकानात मिळत नाही.

त्यांच्या कामातील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. त्यांच्या घराजवळच्या टॅमलपायस नावाच्या डोंगरावर फिरायला गेलेल्या काही स्त्रियांचे खून झाले होते. लोकांनी भीतीने डोंगरावर जाणे सोडले. 1981 साली हालप्रिन आणि त्यांचे पती यांनी गावकऱ्यांना जमवले आणि सर्वांनी मिळून डोंगरावर नाच केला. मारेकरी पुढे पकडला गेला. तो तपासामुळे पकडला गेला, नाचामुळे नव्हे. पण तोवर डोंगर लोकांनी परत मिळवला होता. तेव्हापासून दरवर्षी तेथे लोक जमत आले. मध्ये वाद्ये वाजतात, भोवती माणसे वर्तुळात धावतात, आणि धावण्यापूर्वी प्रत्येक जण आपण कोणासाठी धावतो आहोत ते मोठ्याने सांगतो.

आपल्याकडे हे नव्हते काय?

हे वाचून आपल्यापैकी कित्येक जण म्हणतील, यात नवे ते काय? मध्ये मृदंग आणि भोवती वर्तुळात धावणारी माणसे, हे तर आमचे रिंगण! आणि हा आक्षेप बरोबर आहे. पैठणहून निघणारी नाथांची पालखी आणि मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी बीड जिल्ह्यातूनच पंढरीला जातात. वारकऱ्याची पावली पाहा. दोन पावले पुढे, एक मागे, हातात टाळ. साठी उलटलेला शेतकरी आणि त्याचा नातू एकाच रांगेत ती टाकतात. तिला परीक्षा नाही, बक्षीस नाही. फुगडी घालणारे दोघे एकमेकांचा सगळा भार हातांवर पेलतात. एकाने हात सोडला तर दोघेही पडतात. 1972 मध्ये पॅक्स्टन यांनी दोन शरीरांनी एकमेकांचा भार घेत हालचाल करण्याची एक पद्धत सुरू केली आणि ती जगभर पसरली. आपल्या आया-बहिणी ती वेगळ्या रूपात पिढ्यान्पिढ्या पंचमीला करीत आल्या आहेत. पंचमीचा फेर, झोके, महालक्ष्म्यांच्या रात्रीचे जागरण, आराध्यांचा मेळा, गोंधळ ही सगळी आपली 'सर्वांनी नाचण्याची' परंपरा आहे.

नाथांच्या भारुडात तर याहून मोठी गोष्ट आहे. भारूड करणारा जोशी होतो, वेडा होतो, आंधळा होतो, विंचू चावलेला होतो. ज्याला समाजाने कडेला ठेवले त्याचे सोंग अंगावर घेऊन तो गावाच्या मध्यभागी उभा राहतो. पांगळ्याच्या जागी क्षणभर आपण उभे राहून बघणे, याहून चांगला सहानुभूतीचा पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

परंतु येथेच थांबून 'आमच्याकडे सगळे होतेच' असे म्हणणे मात्र धोक्याचे आहे. आपल्या परंपरेतील नाच सर्वांचा होता, पण सर्वांच्या मर्जीचा नव्हता. चंद्रभागेच्या वाळवंटात सारे एकत्र नाचले, तरी विठ्ठलाच्या देवळाचा दरवाजा दलितांना 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडला. पोतराज अंगावर आसूड ओढून नाचतो, पण त्याने तो मार्ग स्वतः निवडलेला नसतो. कोणीतरी लहानपणीच त्याला देवीला वाहिलेले असते. मुरळीचीही तीच कहाणी. बाई अंगात आल्यावर घुमते, केस सोडते, नवऱ्याला आणि सासूला चार शब्द सुनावते. त्या तेवढ्या वेळापुरते तिचे ऐकले जाते. ऐकले जाण्यासाठी तिला देवी व्हावे लागते, बाई म्हणून कोणी ऐकत नाही, ही त्यातील शोकांतिका आहे. आणि या घुमण्याचा धंदा करणारे बुवा-बाबा आपण पाहतोच. त्यांच्यासाठीच महाराष्ट्राला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

नव्या नृत्याकडून आपण नेमके काय घ्यायचे, याचे उत्तर येथे मिळते. वर्तुळ आपल्याकडे आहे. पावली आपल्याकडे आहे. त्यात स्वतःच्या इच्छेने येण्याचे, नको असेल तेव्हा बाहेर पडण्याचे, आणि देवी न होताही आपले दुःख अंगाने सांगण्याचे स्वातंत्र्य घालायचे आहे.

पाण्याचा नाच आणि कोरडी जमीन

ज्यांना हा विचार परका वाटतो त्यांनी चंद्रलेखा यांचे उदाहरण पाहावे. त्यांचा जन्म 1928 साली महाराष्ट्रातच, वाडा येथे झाला. भरतनाट्यम शिकण्यासाठी त्या मद्रासला गेल्या आणि तेथेच राहिल्या. 1952 साली त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. तो रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होता. यमुनेच्या पाण्यातील क्रीडेचे वर्णन असलेली रचना त्या सादर करीत होत्या. पाण्याच्या लाटा, पाणी उडवणे, पाण्यात न्हाणे हे सारे हस्तमुद्रांतून चालू असताना त्यांना एकाएकी जाणवले की आपण पाण्याचा अभिनय करतो आहोत आणि ज्यांच्यासाठी करतो आहोत त्यांची जमीन भेगाळून पडली आहे. कला आणि जीवन यांतील ही फट त्यांना आयुष्यभर सलत राहिली. पुढे त्यांनी दीर्घ काळ रंगमंच जवळजवळ सोडला आणि स्त्रियांच्या चळवळीत काम केले. 1984 साली मुंबईतील पूर्व-पश्चिम नृत्यमेळाव्याच्या निमित्ताने त्या परतल्या, तेव्हा देवदेवतांच्या कथा त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या. 1985 सालच्या 'अंगिका'पासून पुढे त्यांनी भरतनाट्यम, योग आणि केरळची कळरिपयट्टू ही युद्धविद्या यांच्या आधारे फक्त मानवी शरीराची शक्ती हाच विषय केला. स्त्रीच्या पाठीच्या कण्यावर त्यांचा विशेष भर असे. वाकवलेला कणा पुन्हा सरळ करणे हा त्यांच्या दृष्टीने नृत्याचा आणि स्त्रीमुक्तीचाही अर्थ होता.

त्यांच्या त्या पहिल्या कार्यक्रमातील प्रश्न आपल्या जिल्ह्याला जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कोणाला पडेल? 2016 साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या भागातही त्या वर्षी टँकरपुढे घागरींच्या रांगा होत्या. अशा ठिकाणी नाचाची भाषा करायची तर ती आधी कोरड्या जमिनीची आणि वाकलेल्या पाठीची असली पाहिजे.

कोयता

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आमच्या महाविद्यालयातील कितीतरी मुलामुलींचे आई-वडील त्यांत आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसांच्या जोडीला अवजाराचे नाव, ही भाषाच पुष्कळ काही सांगते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बाई पहाटे उठते, कोपीपुढे स्वयंपाक करते, दिवसभर वाकून ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही, बाळंतपणानंतरही फारशी नाही.

याचा परिणाम काय झाला ते 2019 साली सर्व देशाने वाचले. बीड जिल्ह्यात आधीच्या 3 वर्षांत खासगी रुग्णालयांतून 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे त्या वर्षी विधिमंडळात सांगण्यात आले. शासनाच्या समितीने जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्यांतील कित्येक जणी ऐन तारुण्यातील होत्या. पाळीचा खाडा पडू नये, पोटातले दुखणे एकदाचे मिटावे, म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकला गेला. ज्या शरीराकडे कोणी कधी ममतेने पाहिले नाही, त्या शरीराकडे ती बाई तरी कशी पाहणार? तिच्या लेखीही ते कोयत्यासारखे एक अवजार झाले.

मराठीत 'अंग' या शब्दाभोवती किती बोलणे गुंफलेले आहे पाहा. अंग दुखते, अंग आखडते, अंग चोरावे लागते, काम अंगवळणी पडते, बोलणे अंगाला लागते, आणि कधीतरी अंग मोकळे होते. ऊसतोड बाईच्या वाट्याला यांतील पहिले सगळे येते. शेवटचे येत नाही. नाच म्हणजे अंग मोकळे होणे, एवढाच अर्थ घेतला तरी तो तिच्या हक्काचा आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की पोटात अन्न नाही आणि विहिरीत पाणी नाही, तेथे नाच कसला सुचतो? मजुरी वाढवा, दवाखाने काढा, पाणी अडवा. हे सारे मला मान्य आहे. किंबहुना नाचाच्या नावाखाली या मागण्या कोणी मागे ढकलणार असेल तर त्या नाचाला माझा विरोध राहील. उद्या एखादा कारखाना फडात तासभर 'आनंदनृत्य' घडवून आणील आणि मोळीचा दर आहे तोच ठेवील, ही भीती खोटी नाही. परंतु गरिबाला आधी भाकरी आणि मग माणूसपण, अशी रांग लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पंचमीला फेर धरणाऱ्या बाईने भाकरीची सोय होईपर्यंत फेर थांबवला नव्हता. ज्याला आपले शरीर आपले वाटते, तोच त्याच्यावरील अन्यायाविरुद्ध बोलू शकतो.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. नाचाने खरोखर काही गुण येतो काय? येथे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेत मेरियन चेस यांनी 1942 पासून वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर नृत्याचे काम केले आणि 1966 साली तेथे नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली. 2003 साली न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरील 469 वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नियमित नाचणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी दिसले. पण नाचामुळेच ते कमी झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच नाचत असणे शक्य आहे. 2015 साली नैराश्यावरील नृत्योपचाराच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा कसोटीला उतरणारे फक्त 3 अभ्यास आणि 147 माणसे हाती लागली, आणि निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. कंपवाताच्या रुग्णांना मात्र तालावरच्या हालचालींनी तोल सावरायला मदत होते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पुण्यात समकालीन नर्तक हृषिकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. पाऊल उचलताना जागीच खिळणारी माणसे गाण्याच्या ठेक्यावर पुढे सरकतात, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. कोलकात्याच्या 'संवेद' या संस्थेने 2004 पासून देहव्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्याच्या आधारे काम केले. अस्ताद देबू यांनी मूकबधिर तरुणांना घेऊन नृत्याचे उत्तम प्रयोग केले. ऐकू न येणाऱ्याला नाचता येते, हे ज्यांनी पाहिले ते 'मला नाचता येत नाही' ही सबब पुन्हा सांगणार नाहीत.

सारांश, नाच हे औषध नव्हे. ते औषधाच्या जोडीला आणि न्यायाच्या जोडीला राहणारे बळ आहे. त्याच्याकडून याहून अधिक मागणे हा अंधविश्वास होईल आणि याहून कमी मानणे हा करंटेपणा होईल.

आपण काय करावे?

केवळ विचार मांडून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही सूचना करतो. आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात रंगमंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, बक्षीस नाही आणि प्रेक्षकही नाही. जो येईल त्याने वर्तुळात यावे. ज्याला नुसते चालायचे आहे त्याने चालावे, ज्याला बसून राहायचे आहे त्याने बसावे. कोणी कोणाला विचारल्याशिवाय हात लावू नये. मोबाइलवर चित्रण करू नये. पावली, फुगडी, फेर यांपासून सुरुवात करावी, कारण त्या आपल्या पायांना ठाऊक आहेत. नंतर प्रत्येकाने आपल्या आई-वडिलांच्या कामातील एक हालचाल आणावी : मोळी बांधणे, वेचणी, खुरपणी, घागर उचलणे. जी हालचाल आजवर फक्त कष्टाची होती ती एकदा सावकाश, न घाईने, स्वतःकडे बघत करून पाहावी. जडसनच्या नर्तकांनी केले ते याहून वेगळे नव्हते. त्यांना रोजच्या हालचाली मुद्दाम शोधाव्या लागल्या. आपल्याकडे त्यांचे भांडार आहे.

दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराविषयी. हिवाळ्यात आपण दत्तक गावात सात दिवस जातो तेव्हा निम्मे गाव तोडीला गेलेले असते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. आपण रस्ता झाडतो, खड्डे खणतो, भाषणे करतो आणि परत येतो. त्यांतील रोजची एक संध्याकाळ या आज्या आणि नातवंडांबरोबर फेर धरण्यासाठी का नसावी? शिकवायला नव्हे, शिकायला जावे. पंचमीच्या फेराच्या चाली त्या आज्यांच्या पायांत आहेत. त्या आपण घेतल्या नाहीत तर त्या त्यांच्याबरोबरच जातील.

तिसरी सूचना अधिक जबाबदारीची आहे. मनाने खचलेल्या माणसांबरोबर असे काम करायचे तर हौस पुरत नाही. नाचता नाचता कोणाला रडू कोसळले, जुनी जखम उघडी पडली, तर पुढे काय करायचे हे जाणणारा माणूस जवळ हवा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 'संवेद'च्या सहकार्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालवला. अशा प्रशिक्षितांना बोलावून आपल्या प्राध्यापकांसाठी शिबिर घ्यावे. अंबाजोगाईत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 1982 पासून ग्रामीण स्त्री-पुरुषांबरोबर काम करणारी 'मानवलोक'सारखी संस्थाही तेथेच उभी राहिली. डॉक्टर, संस्था आणि महाविद्यालय एकत्र आले तर तोडीहून परतलेल्या स्त्रियांसाठी उन्हाळ्यात आरोग्यतपासणी आणि तिच्या जोडीला असा एक तास सुरू करणे अशक्य नाही. तपासणी आधी आणि नाच नंतर, हा क्रम मात्र कधीही बदलू नये.

या सर्वाला पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती लाज सोडण्याची तयारी. लाज सुशिक्षितांची अधिक असते. खेड्यातील म्हातारी पदर खोचून फुगडीला उभी राहते तेव्हा बी.ए.च्या वर्गातील आम्ही मुले भिंतीला टेकून हसत असतो. पदवीने आम्हाला बघायला शिकवले आणि नाचायचे विसरायला लावले, असे झाले असेल तर त्या शिक्षणात काहीतरी उणे राहिले आहे.

स्नेहसंमेलनातील रेकॉर्ड डान्स बंद करा, असे माझे म्हणणे नाही. तो खुशाल व्हावा, शिट्ट्याही वाजाव्यात. परंतु 'स्नेह' आणि 'संमेलन' हे दोन्ही शब्द खरे करायचे असतील, तर एक फेर असाही असावा ज्यात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्व जण पाच मिनिटे तरी उभे राहतील. पुढच्या संमेलनाच्या समितीने याचा विचार करावा. अंगण वाकडे असले तरी चालेल.